लाभ, दोन, तीन : भाज्याच्या पायथ्याशी पाच दिवस

पहिला दिवस

लोणावळा लोकलमध्ये खिडकी मिळाली की देहूरोडला मी बाहेर बघतेच, उतरायचं नसलं तरी. २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी तिथल्या विहारात रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा माझे वडील सोळा वर्षांचे होते. गर्दीत काही दिसेना म्हणून कुणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर उभे राहिले. आजोबा तिथल्याच मिलिटरी डेपोत हमाल. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की त्या सायकलचा रंगही मला माहीत आहे. हिरवा.

असं घर. त्रिशरण-पंचशील पाठ, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, भिंतीवर दोन फोटो. ध्यान मात्र नाही. त्या विषयावर वडिलांचं मत ठरलेलं. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे ऐकलंय. डोळे मिटून बसा, हे कधी ऐकलं नाही." आज निघताना पाया पडले तेव्हाही पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "जा. पाच दिवस गप्प राहायला तेवढं जमव."

मी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं रोखपाल होते. निवृत्तीनंतर पहाटे तीनला डोळा उघडायला लागला आणि मग उजाडेपर्यंत डोक्यात हिशेब. कुणी कुणाला काय बोललं त्याचे. धाकटी जाऊ सात-आठ वर्षं ध्यानाच्या शिबिरांना जाते. ती म्हणाली, "ताई, एकदा चलाच. नाही जमलं तर पाच दिवस आयतं जेवण तरी." तिथे भांडी घासायची पाळी असते हे तिने सांगितलं नव्हतं.

मळवलीला उतरलं की एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडून भाज्याच्या रस्त्याला लागायचं. दोन्ही बाजूंना भात कापून आडवं घातलेलं. मावळात दिवाळीनंतर ओल्या पेंढ्याचा एक गोडसर वास असतो, तो नाकात भरला. समोर लोहगड आणि विसापूर, डोंगराच्या कुशीत लेणी. पायथ्याशी शिबिराची जागा.

महिला शिबिर होतं, चाळीसेक जणी. फोन एका कापडी पिशवीत गेले, ज्याच्या त्याच्यावर नावाची चिठ्ठी डकवून. फोन देताना एकीचा चेहरा बाळ पाळणाघरात सोडताना होतो तसा झाला. हसले, आणि पुढच्या तासाभरात स्वतः चार वेळा पर्स चाचपली.

संध्याकाळी शिकवणाऱ्या धम्मचारिणी ताईंनी बसायचं कसं तेवढंच दाखवलं. मांडी, नाहीतर दोन उशा पायांमध्ये घेऊन वज्रासनासारखं, नाहीतर सरळ खुर्ची. "गुडघ्यांशी भांडण नको," म्हणाल्या, "ते जिंकतात." मी अभिमानाने मांडी घातली.

दुसरा दिवस

पाचला घंटा. थंडी चांगलीच. हॉलमध्ये सगळ्या शाली पांघरून, लांबून बघणाऱ्याला गाठोडी ठेवल्यासारख्या दिसल्या असतील.

पद्धत सांगते, कारण तिच्यावरच सगळी मजा आहे. आनापानसती, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाची जाण ठेवणं. इथे ती चार टप्प्यांत शिकवतात. पहिल्यात श्वास बाहेर गेला की मनात 'एक', पुढचा गेला की 'दोन', असं दहापर्यंत. दहा झाले की परत एक. मध्ये मन भरकटलं तरी परत एक. दुसऱ्या टप्प्यात आकडा श्वास आत यायच्या आधी. तिसऱ्यात आकडे सोडायचे, नुसतं श्वासासोबत जायचं-यायचं. चौथ्यात नाकपुडीशी किंवा वरच्या ओठावर जिथे श्वास लागतो तेवढ्या एका जागेवर थांबायचं. सुरुवातीला घंटेचे तीन टोल, टप्पा बदलताना एक, शेवटी पुन्हा तीन. मधून मधून ताईंचा आवाज, तोही हळूहळू कमी होत जाणारा. माझी बहीण इगतपुरीला विपश्यनेसाठी दहा दिवस राहून आली आहे. तिथे मोजणं अजिबात नाही, पहिल्यापासून नैसर्गिक श्वास आणि नाकाखालची जागा. ती मला म्हणाली होती, "मोजायचंय? मग तू पहिली येशील."

मलाही तसंच वाटलं होतं. आयुष्यभर केलं काय दुसरं?

पहिला टोल झाला. एक, दोन, तीन. भराभर चाललं होतं. दहा कधी गेले कळलंच नाही. भानावर आले तेव्हा मनात 'सदतीस' चालू होतं आणि डोक्यात सुनेच्या मावसबहिणीच्या लग्नाचा आहेर. परत एक. पुढच्या खेपेला चौसष्ट. आणि लक्षात आलं की मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सरकतोय. नोटा मोजत होते मी! गड्डी शंभराची असते. माझं मन दहाला थांबणार कसं? हात मोजतो, डोळा फाटकी नोट बघतो आणि मन घरी कुकर लावून येतं, असं एकतीस वर्षं चाललेलं. मिनिटाला बारा-पंधरा श्वास धरले तर दहा मिनिटांच्या टप्प्यात सव्वाशे-दीडशे, म्हणजे दीड गड्डी. हा हिशेबही तिथेच बसून केला, डोळे मिटून.

दुसरा टप्पा वेगळा लागला. बाहेरून बघणाऱ्याला काय फरक, आकडा आधी की नंतर? पण आहे. पहिल्यात व्यवहार झाला की नोंद. दुसऱ्यात आधी पावती फाडायची आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचं. आकडा म्हटला की श्वास येईपर्यंत एक बारीकशी फट असते, आणि त्या फटीत झोप येत नाही. निदान लगेच येत नाही.

चर्चेला दहा-दहा जणींचे गट. ताईंनी विचारलं, "दहापर्यंत कोण कोण पोचलं?" बऱ्याच जणींनी माना खाली घातल्या. मी म्हटलं, "मी चौसष्टपर्यंत." हशा पिकला. वाकडची एक मुलगी, कंप्युटरवाली, म्हणाली की श्वासाकडे बघितलं की तो अडतोच, नाटकी होतो. तिच्या शेजारची आजी लगेच, "माझ्या मालकांसारखा! एरवी घरभर घोरत फिरतो, कुणी बघतंय म्हटलं की अवघडून बसतो." ताई हसता हसता म्हणाल्या, तेच तर आहे. श्वास आपोआपही चालतो आणि मनात आणलं तर चालवताही येतो. तो चालवायचा नाही, नुसतं सोबत राहायचं. सवयीने आपण चालवायला जातोच.

दुपारी माझी पाळी भांड्यांची. पिठल्याचं पातेलं.

तिसरा दिवस

गुडघे जिंकले. पहाटेच्या बैठकीला दोन उशा मागून घेतल्या. त्यानंतर झोप जिंकली. थीनमिद्ध म्हणतात त्याला, पाच नीवरणांपैकी, म्हणजे ध्यानातल्या अडथळ्यांपैकी, एक. आळसाला इतकं छान नाव आहे हे माहीत असतं तर ऑफिसात कामाला आलं असतं.

पण हा दिवस माझ्या लक्षात आहे तो दहा वाजताच्या प्रवचनामुळे. ताईंनी विषय घेतला, ही मोजणी आली कुठून. मूळ आनापानसती सुत्तात सोळा पायऱ्या आहेत, पण आकडे नाहीत. दीर्घ श्वास घेताना 'दीर्घ घेतोय' हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड. मोजणीचं सविस्तर वर्णन पाचव्या शतकातल्या विसुद्धिमग्ग या ग्रंथात सापडतं. बुद्धघोषाने तो श्रीलंकेत, अनुराधपुरात लिहिला. त्यात म्हटलंय, पाचाच्या आत थांबू नये. चिंचोळ्या गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं मन धडपडतं. दहाच्या पुढे जाऊ नये; मग मन श्वासाला सोडून आकड्यालाच धरून बसतं.

मी जाऊबाईंकडे बघितलं. ती आधीपासून माझ्याकडेच बघत होती.

आणि मग ताई म्हणाल्या की आधी हळू मोजायचं, आणि त्याला दिलेली उपमा आहे धान्य मोजणाऱ्याची. माप भरतो, 'एक' म्हणत ओततो. पुन्हा भरताना काडीकचरा दिसला तर तो उचलून टाकतो, तोवर तोंडाने 'एक, एक' चालूच. मग 'दोन, दोन'. नंतर, श्वास स्पष्ट दिसायला लागला की गुराख्यासारखं भराभर. गोठ्याच्या दारावर बसून, गाय दारात आली की खडा टाकायचा, गाय आली की खडा.

"पण आपल्याकडे मोजताना एक कुणी म्हणत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. ती कालचीच आजी, मुळशीकडची. "आपल्याकडे लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन."

हॉलमध्ये एकदम गलबला झाला. ज्यांनी ज्यांनी खळं बघितलं होतं त्या सगळ्यांना ते आठवलं. खळ्यावर रास लागली की पहिली पायली ओतताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. पायली म्हणजे चार शेर, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. हे मला बँकेत लागण्याआधीपासून तोंडपाठ, आजीने घोकून घेतलेलं. वाकडच्या मुलीला काहीच कळेना. तिने आयुष्यात तांदूळ किलोनेच बघितलेला.

मुळशीची आजी उभी राहिली. पदर खोचला, दोन्ही हातांनी हवेतलं माप भरलं, वरून तळहाताने सपाट केलं आणि ओतलं. "लाभ! लाभ! लाभ!" दुसरं भरेपर्यंत ती तेच म्हणत राहिली. विसुद्धिमग्गातला माणूस मराठी बोलायला लागला होता. मग हात खाली करून ती शांतपणे म्हणाली, "आम्ही हे बघितलं ते लांबून. रास पाटलाची, माप पाटलाच्या गड्याचं. आमचे सासरे घोंगडी पसरून कडेला बसायचे. सगळं मोजून झालं की मग आमचं बलुतं. लाभ म्हणून आमच्या घोंगडीत कधी नाही पडलं."

कुणी काही बोललं नाही. ताईसुद्धा थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चला, बसू या."

त्या बैठकीत मी 'एक' म्हटलंच नाही. श्वास बाहेर गेला की लाभ. पुढचा, दोन. तीन. आहेर आठवला, गेले, परत आले. लाभ. कुणी खोकलं. लाभ. 'एक'वर परत येताना आदल्या दिवशी दर वेळी बारीक ठेच लागत होती, शाळेत पट्टी बसल्यासारखी, की चुकलीस, पहिल्यापासून कर. ती लागली नाही. त्या चाळीस मिनिटांत मी दहापर्यंत दोनदाच पोचले असेन, पण लाभ किती वेळा म्हटलं त्याला गणती नाही. अंगठाही गप्प होता.

दुपारी भाजी निवडताना ताईंना हे सांगितलं. नियमात बसतं का, विचारलं. म्हणाल्या, "बुद्धघोषाला विचारायला हवं. मला तरी चालेल." मग मेथीच्या काड्या वेगळ्या करत त्यांनी एक सांगितलं ते मला फार आवडलं. ही शिकवण देणाऱ्या त्रिरत्न बौद्ध महासंघाचे संस्थापक संघरक्षित मूळचे लंडनचे. बाबासाहेबांना भेटलेले. महापरिनिर्वाणाची बातमी आली तेव्हा ते नागपुरात होते, आणि त्या दिवसांत त्यांनी वस्त्यावस्त्यांतून भाषणं करून लोकांना धीर दिला. पुढे १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये संघ काढला आणि १९७७ नंतर त्यांच्या इंग्रज शिष्यांनी तो पुण्यात, दापोडीकडे आणला. म्हणजे बघा, धान्याचं माप इथलं, लिहून ठेवलं श्रीलंकेत, आणि फिरत फिरत लंडनवरून लोकलच्या रस्त्यावर. दापोडी तर आमच्या पिंपरीच्या अलीकडे दोन स्टेशनं. वडिलांना सांगायला म्हणून मी हे नीट पाठ केलं.

चौथा दिवस

पौर्णिमा. कार्तिकातली, त्रिपुरी.

सकाळी चौथ्या टप्प्यावर भर होता. पुस्तकातली दुसरी उपमा इथे कामाला आली. नगराच्या वेशीवरचा द्वारपाल आतल्या-बाहेरच्या लोकांची चौकशी करत हिंडत नाही. तू कोण, कुठला, हातात काय, हे तो वेशीत पोचलेल्यालाच विचारतो. तसं श्वास आत कुठवर गेला, बाहेर कुठे गेला, त्याच्या मागे लागायचं नाही. नाकाच्या दारात आला तेवढाच आपला. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. काउंटरच्या खिडकीत आलेला माणूस तेवढा माझा, रांगेतल्यांची भांडणं शिपाई बघेल. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच नोकरीचा ध्यानाला उपयोग झाला.

दुपारी लेण्यांकडे. पायऱ्यांवर लिंबू सरबतवाले, सेल्फीवाले, चप्पल तुटलेलं एक जोडपं. तिकीट काढून वर गेलो आणि बाराव्या क्रमांकाचं चैत्यगृह समोर आलं. घोड्याच्या नालासारखी कमान, आणि पुढची भिंतच नसल्याने आख्खं आभाळ आत घेणारं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं मानतात. आत दोन्ही बाजूंना साधे अष्टकोनी खांब, किंचित आत झुकलेले. लाकडी इमारतीत भार पेलायला खांब असे कलते ठेवत, दगडात त्याची गरज नाही. तरी कोरणाऱ्यांनी तो कल सोडला नाही. छताला लाकडी फासळ्या. मागे स्तूप, अगदी कोरा. बुद्धाची मूर्ती नाही, कारण तेव्हा मूर्ती करतच नसत.

इथे दहा मिनिटं बसायचं होतं. घंटा नाही, सूचना नाहीत. कडेकडेने खांबांजवळ बसलो. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे चारनंतर ऊन सरळ आत शिरतं आणि स्तूपापर्यंत जातं. मिटल्या पापण्यांआड सगळं केशरी झालं.

आणि एक पोरगं ओरडलं. "ओऽऽऽ!" लेण्यात आलेलं कुठलं पोर ओरडत नाही? एरवी मी त्याच्या आईकडे बघितलं असतं. पण तो आवाज वर कमानीत गेला, फासळ्यांवरून घरंगळला, बारीक झाला, आणखी बारीक, आणि तो कुठे संपला ते कळलंच नाही, कारण तोवर मी ऐकता ऐकता श्वासापाशी आले होते. आकडा नव्हता, लाभही नव्हतं. श्वास इतका हलका झाला होता की आहे का नाही अशी शंका आली, आणि शंका आली तेव्हा तो लगेच दणदणीत आला. पोरगं पुन्हा ओरडलं. जुन्या ग्रंथांत श्वास सूक्ष्म होत जाण्याला काशाच्या घंटेच्या विरत जाणाऱ्या नादाची उपमा दिली आहे, हे ताईंनी खाली उतरताना सांगितलं. मला वाटलं, आमच्या वाटची घंटा चार वर्षांची होती आणि तिच्या हातात कुरकुऱ्यांचं पाकीट होतं.

मग दक्षिणेकडचे चौदा स्तूप बघितले, गेलेल्या थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या, स्मरणार्थ कोरलेले. काहींवर नावं आहेत. शेवटच्या विहारात सूर्याचा रथ आणि हत्तीवरचा इंद्र, आणि एका कोपऱ्यात ढोलकीसारखं वाद्य वाजवणारी बाई. तिच्याकडे बघून तबल्याच्या उगमाबद्दल लोक वाद घालतात. मला तिचा बसण्याचा ऐसपैसपणा आवडला. तिच्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली तेव्हा उतरलो.

रात्री पूजा. हॉलच्या पायऱ्यांवर पणत्या लावल्या. चंद्र लवकर दिसला नाही, डोंगर पूर्वेला असल्याने तो उशिराच वर येतो. आधी कड्याची कड उजळली आणि मग एकदम आख्खा बाहेर. तेव्हा ताईंनी आनापानसती सुत्ताची सुरुवात सांगितली. श्रावस्तीला पूर्वारामात, विशाखेने बांधलेल्या प्रासादात वर्षावास चालू होता. थेर नव्या भिक्खूंना शिकवत होते. कुणी दहांना, कुणी वीसांना, कुणी तीसांना, कुणी चाळीसांना. आश्विन पौर्णिमेला बुद्ध त्यांच्यावर प्रसन्न होऊन म्हणाले, मी इथेच थांबतो, कोमुदीपर्यंत. ते ऐकून गावोगावचे भिक्खू तिकडे निघाले. आणि महिन्याने, याच कार्तिक पौर्णिमेच्या रात्री, उघड्यावर चांदण्यात बसून त्यांनी श्वासाचा हा उपदेश केला.

चाळीसांना. मी डोकी मोजली. आम्ही एकेचाळीस होतो, ताई धरून.

त्या रात्रीच्या बैठकीबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. थंडी होती, डास होते, खालून एक्सप्रेसवेची घरघर येत होती. शेवटचे तीन टोल झाल्यावरही कुणी उठलं नाही.

पाचवा दिवस

सकाळी आदल्या रात्रीपासूनचं मौन सुटलं आणि स्वयंपाकघरात मंडईसारखा कालवा. फोन परत मिळाले. वाकडच्या मुलीने तिचा चालू केला, थोडा वेळ बघितला आणि पुन्हा बंद करून पर्समध्ये टाकला. मी माझा चालू केला आणि सव्वादोनशे मेसेज वाचत बसले. मुळशीच्या आजीचा नंबर घेतला. निरोप घेताना जयभीम केला तर त्यांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "बाई, गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध."

मळवलीच्या वाटेवर एका घरासमोर नवा इंद्रायणी विकायला होता. पाच किलो घेतला, वजनकाट्यावर. लोकल पंचवीस मिनिटं उशिरा. फलाटाच्या बाकावर बसून बघितलं जमतं का. तीनपर्यंत जमलं, मग एक्सप्रेस धाडधाड गेली.

घरी पोचले तेव्हा वडील टीव्हीसमोर. पाया पडले. तांदळाची पिशवी बघून त्यांनी मान हलवली, वास घेतला. दापोडी, लंडन, श्रीलंका सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, नागपूरच्या भाषणांपाशी आवाजही थोडा कमी केला टीव्हीचा. मग म्हणाले, "ते झालं. पण तू पाच दिवस केलंस काय?"

"श्वास मोजले."

"किती झाले?"

"दहा."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "एवढी वर्षं बँकेत होतीस, आणि पाच दिवसांत दहाच?" म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला.